बर्डीच्या अलीकडे, बर्डीच्या पलीकडे

नागपूरच्या फलाटावर मी पाय ठेवला तो एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी साडेनऊला, आणि पहिला विचार आला तो हा की असल्या हवेत सात महिन्यांची पोटुशी बाई श्वास तरी कसा घेत असेल.

गुहागरच्या माणसाला ऊन नवं नाही. पण आमचं ऊन घाम काढतं. इथला घाम अंगावर दिसायच्या आत वाळून जातो. न्यायला आलेल्या निखिलने, माझ्या मुलाने, फलाटावरच माझ्या डोक्याला ओढणी गुंडाळली आणि म्हणाला, "आई, इथे तहान लागायची वाट बघायची नाही. आठवणीनं पाणी प्यायचं." इतक्या गंभीरपणे म्हणाला की मी हसायचं थांबले.

गाडीत दोन रात्री मला झोप नव्हती. त्याला गाडी कारण नव्हती. निखिलची बायको मुक्ता, तिची आधीची दोन बाळं पाचव्या महिन्यात पोटातच गेली होती. तिची आई नाही. माहेर काटोलचं, संत्र्यांच्या बागा असलेलं, पण घरात वडील आणि भाऊ दोघेच. म्हणून बाळंतपणाला मी जायचं ठरलं. आमचे हे सुपारीच्या बागेसाठी मागे राहिले. तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसलेली मी, पुण्यापलीकडे एकटी कधी गेले नव्हते. निघताना देवापुढे दिवा लावून आले.

त्यात एक अडचण नवीन होती. निखिल-मुक्ता धरमपेठेत एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होते, आणि मालकांचा मुलगा परदेशातून परत येणार म्हणून महिनाभरात जागा सोडायची होती. निखिलची नोकरी मौद्याच्या वीज केंद्रात, शहराच्या पूर्वेला, भंडाऱ्याच्या रस्त्यावर. मुक्ता शिकवायची ते कॉलेज आणि तिच्या डॉक्टरीणबाई पश्चिमेला. त्यामुळे घर कुठे घ्यायचं यावर दोघांचं एकमत होत नव्हतं. निखिलला सुट्टी नव्हती. घरं बघायची होती ती आम्ही दोघींनी, सासू-सुनेनं.

धरमपेठ

पहिले तीन दिवस आम्ही पश्चिमेकडेच हिंडलो. सकाळी साडेसातला निघायचं, साडेदहाच्या आत घरी. त्यानंतर तिकडे कुणी बाहेर पडतच नाही.

गाव सुंदर आहे, हे मला कबूल केलं पाहिजे. रुंद रस्ते, दोन्हीकडे कडुनिंब, बहाव्याला पिवळे झुंबर लागलेले. सिग्नलवर वाहनं थांबतात तिथे डोक्यावर हिरवी जाळी बांधलेली. लोकांना लाल दिव्याखाली उन्हात उभं राहावं लागू नये म्हणून. हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. गोकुळपेठच्या बाजारात मी कोथिंबीर मागितली तर भाजीवाली माझ्याकडे बघतच राहिली. मुक्ता म्हणाली, "सांबार द्या हो." आणि भाजीवालीनं कोथिंबिरीची जुडी पुढे केली! सकाळी नाश्त्याला पोह्यांवर लाल तर्री ओतून देतात, हरभरे घातलेली. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि दुसऱ्या घासानंतर मी आणखी मागितली.

पण दुपार झाली की मला त्या घराची भीती वाटू लागे. दारं-खिडक्या बंद, वाळ्याचे पडदे ओले करून लावलेले, आणि कूलर असा घोंघावत असायचा की शेजारच्या खोलीतली हाक ऐकू येऊ नये. मी दर थोड्या वेळानं उठून मुक्ताच्या खोलीत डोकावायची. ती डाव्या कुशीवर झोपलेली असायची. छाती वर-खाली होताना दिसली की परत यायची. गॅलरीतून खाली बघावं तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. समोरच्या सात बंगल्यांची सात फाटकं बंद. आमच्याकडे वाडीत दुपारी कुणी पडलं तर हाक मारायच्या आत चार माणसं जमतात. इथे मी ओरडले तर कोण येईल, हे मी मनात मोजून बघायची आणि उत्तर यायचं, खालच्या मालकीणबाई. त्या चांगल्या होत्या. रोज कैरीचं पन्हं वर पाठवायच्या. पण कमी ऐकू यायचं त्यांना.

घरंही तशीच पाहिली. लिफ्ट, वॉचमन, प्रत्येक घराला एकामागे एक दोन दारं. एका ठिकाणी शेजारी कोण राहतं विचारलं तर किल्ली घेऊन आलेला माणूस म्हणाला, "ते काई माहीत नाही काकू. इथं कोणी कोणाले त्रास देत नाही." तो हे कौतुकानं सांगत होता.

तरी मी मनात पश्चिमच धरली होती. डॉक्टरीणबाई दहा मिनिटांवर, मोठी इस्पितळं जवळ. भित्र्या माणसाला दुसरं काय हवं असतं?

मेट्रोतून

चौथ्या दिवशी पूर्वेकडचं घर बघायचं होतं, पारडीत. निखिलच्या ओळखीतून कळलेलं. तो म्हणाला होता, "नुसतं बघून तर या. मेट्रोनं थेट जाता येतं, थंडगार."

सकाळी निघायला उशीर झाला. मुक्ता आंघोळीनंतर बराच वेळ पलंगावर बसून राहिली होती. मीच घाई केली. ऊन चढेल, किल्ली ठेवणाऱ्या बाई वाट बघतील, असं दोन-तीनदा म्हणाले. शंकरनगरच्या स्टेशनवर जिन्याजवळ ती थांबली आणि म्हणाली, "आई, आज बाळ सकाळपासून हललं नाहीये फारसं."

आधाराला धरलेला तिचा दंड मी आणखी घट्ट धरला.  आणि मी काय म्हणाले? म्हणाले, "झोपलं असेल गं. उन्हानं तेही सुस्तावलंय."

दोन मुलांची आई मी. हे वाक्य कुठून आलं मला माहीत नाही. खरं म्हणजे माहीत आहे. 'परत नको रे देवा' हे मोठ्यानं बोलायला लागू नये म्हणून ते आलं. मुक्तानं मान हलवली. पुन्हा तो विषय तिनं काढला नाही. लिफ्टनं आम्ही वर गेलो.

मेट्रो उंचावरून जाते. आधी झाडांचे शेंडे आणि बंगल्यांच्या गच्च्या, मग सीताबर्डी, जिला सगळे नुसतं बर्डी म्हणतात. शहराच्या मधोमध एक टेकडी, किल्ला, आणि तिथे उतरणाऱ्यांची ही गर्दी. बर्डी ओलांडली की खिडकीतलं गाव बदलतं. रेल्वेचे रूळ, एकमेकांना खेटलेली घरं, गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या आणि कुरड्या, टिनाच्या पत्र्यांवर दगड. कुणी खाट टाकून झोपलेलं, कुणी कूलरच्या टाकीत पाइपनं पाणी भरतंय. मी मुक्ताला एकेक दाखवत होते. ती "हं" म्हणत होती. तिचा एक हात पोटावर होता आणि बोटं हळूच दाबत होती, दार वाजवावं तशी. ते मी पाहिलं. पाहून खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

पारडी

शेवटच्या स्टेशनावरून ई-रिक्षा केली. भंडारा रस्त्यावर ट्रकमागे ट्रक, कळमन्याच्या बाजाराकडे वळणारे. हॉर्न, धूळ, हमरस्त्याच्या मधोमध शांतपणे बसलेल्या म्हशी. एका गल्लीत आत वळलो. चिंचोळी गल्ली, दोन्हीकडे दुमजली घरं, प्रत्येक ओट्यावर कुणी ना कुणी बसलेलं, आणि सगळ्यांची नजर मुक्ताच्या पोटावर.

"कितवा वं?" एकीनं ओट्यावरूनच विचारलं.

"सातवा," मुक्ता म्हणाली.

"उन्हात काहून फिरवून राहिल्या तिले?" हे मला.

मला राग आला, आणि दृष्ट लागेल ही भीतीही वाटली. आमच्याकडे असं तोंडावर कुणी विचारत नाही.

किल्ली ज्यांच्याकडे होती त्या मंगलाबाई. पन्नाशीच्या, ठेंगण्या, दंडापर्यंत पीठ माखलेलं. बघायच्या घराच्या तळमजल्यावरच त्यांची पिठाची चक्की होती. आमच्याकडे एक नजर टाकून त्यांनी चक्की बंद केली, पितळी तांब्यातून पाणी दिलं आणि म्हणाल्या, "बसा आंधी. घर कुठी पळून नाही चाललं."

मीच म्हटलं, नको, वर जाऊन येतो, मग निवांत बसू. ही त्या दिवशीची माझी दुसरी चूक.

जिना वीस-बावीस पायऱ्यांचा. वर पोचलो आणि वीज गेली. "लाईन गेली!" अशी हाळी गल्लीभर उठली. बंद घरातली हवा ओव्हनमधल्यासारखी होती. मी खिडकी उघडायला गेले. मागे वळले तर मुक्ता भिंतीला पाठ लावून खाली बसत होती, अगदी सावकाश, आणि तिचे ओठ पांढरे पडले होते.

लग्नाला चार वर्षं झाली, ती माझ्याशी कायम पुस्तकी मराठीत बोलायची. त्या क्षणी तिच्या तोंडून काटोल बाहेर पडलं.

"आई, मले लय भेव वाटून राहिलं. ते हालतच नाही. काल रात्रीपासून नाही हाललं."

काल रात्रीपासून! मी तिच्या पोटावर हात ठेवला. पोट घट्ट, गरम, आणि आत काही नाही. एखाद्या बंद घरावर हात ठेवावा तसं. मी ओरडले.

मंगलाबाई दोन पायऱ्या एकदम चढत आल्या. "काय झालं?" मी सांगितलं. त्यांनी मुक्ताचे पाय लांब केले, पदर ओला करून कपाळावर टाकला. मी मुक्ताच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. माझ्या नशिबानं त्यांनी तो उचलला. "माझ्यापर्यंत यायला थांबू नका," त्या म्हणाल्या. "जवळ जिथे सोनोग्राफी होते तिथे आत्ता जा. आत्ता." निखिलला फोन लावला तर नुसताच वाजत राहिला, आत कामावर असताना फोन जवळ नसतो, हे मला ठाऊक होतं.

खाली मंगलाबाई रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि हात आडवा करून एक भरलेली ई-रिक्षा थांबवली. "उतरा रे सगळे! पोरीले दवाखान्यात न्यायचं आहे." चार माणसं काही न विचारता उतरली. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं आपली छत्री माझ्या हातात दिली. "तिच्यावर धरा," म्हणाला. ती छत्री मी त्याला परत देऊ शकले नाही. तो कोण होता हेही मला माहीत नाही.

दवाखाना

दवाखाना लहान होता, एका दुकानावरच्या मजल्यावर. मंगलाबाईंची दोन्ही नातवंडं तिथेच जन्मलेली, म्हणून त्याच आम्हाला तिथे घेऊन आल्या. डॉक्टर तरुण मुलगी होती, माझ्या निखिलपेक्षाही लहान दिसणारी, आणि मला वाटलं, हिला काय कळणार. तिनं मुक्ताला झोपवलं आणि पोटावर ठोके ऐकायचं लहान यंत्र फिरवायला लागली. खरखर. पुन्हा खरखर. मग धप धप धप असा आवाज आला आणि मी हात जोडले, तर ती म्हणाली, "हे आईचे ठोके आहेत."

यंत्र फिरत राहिलं. मुक्ता छताकडे बघत होती. डॉक्टरच्या कपाळावर आठी आली ती मी पाहिली आणि तिनंही मी पाहिल्याचं पाहिलं. "सोनोग्राफी करू," ती म्हणाली.

पलीकडच्या खोलीत मशीन होतं. पडद्यावर करडं काहीतरी उमटलं, डॉक्टर वाकली, आणि तेवढ्यात तिथलीही लाईन गेली. सगळं काळं. पंखा थांबला.

"जनरेटर सुरू होईल, दोन मिनिटं," अंधारातून डॉक्टर म्हणाली.

ती दोन मिनिटं मी कशी सांगू? मुक्तानं माझं मनगट धरलं होतं. तिच्या नखांच्या खुणा पुढे दोन दिवस राहिल्या. मला आधीच्या दोन वेळा आठवल्या. तेव्हा मी गुहागरला होते, फोनवर ऐकलं होतं. 'आई, गेलं' एवढंच निखिल बोलला होता आणि मी समईची वात सारत म्हणाले होते, देवाची इच्छा. लांबून म्हणायला ते सोपं असतं. खाली जनरेटर खोकला, बंद पडला, पुन्हा खोकला. दिवा लागला. मशीनला मात्र सुरू व्हायला आणखी वेळ लागला. पडद्यावर एक गोल नुसता फिरत होता. मंगलाबाई दारात उभ्या होत्या, पिठानं माखलेले हात तसेच, आणि ओठ हलत होते.

मग चित्र आलं. डॉक्टरनं कळ दाबली, आणि खोलीत आवाज भरला. टप टप टप टप, भरधाव.

"आहे," डॉक्टर म्हणाली. "ठोका आहे. बघा, हे इथे."

मुक्ता रडली नाही. तिनं विचारलं, "नक्की ना? माझे तर नाहीत?"

"तुमचे इतके जलद नाहीत. हे बाळाचेच आहेत."

मी मात्र भिंतीला टेकून खाली बसले आणि मंगलाबाईंनी मला उठवलं.

बाळाभोवतीचं पाणी कमी झालं होतं, मुक्ताच्या अंगातलंही. सलाइन लावलं. डाव्या कुशीवर झोपवलं. डॉक्टरनं मला बाजूला घेतलं. "संध्याकाळपर्यंत बघू. हालचाल वाढली तर ठीक. नाहीतर मोठ्या ठिकाणी हलवावं लागेल. सकाळीच का नाही आलात?"

मी आत जाऊन मुक्ताच्या उशाशी बसले.

माझा निरोप शेवटी पोचला तसा निखिल एका सहकाऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून आला, तासाभरात. डोळे लाल, केसांत धूळ. त्यानं मुक्ताच्या पायाला हात लावला आणि तसाच उभा राहिला. मग औषधं आणायला खाली गेला तेव्हा खोलीत आम्ही दोघीच होतो. बाहेर ऊन कलत होतं. मी म्हटलं, "मुक्ता, सकाळी तू सांगितलंस तेव्हाच मी घाबरले होते. झोपलंय वगैरे मला काही वाटलं नव्हतं. मी खोटं बोलले."

तिनं डोळे उघडले नाहीत. "मला कळलं होतं," ती म्हणाली. "तुमचा हात माझ्या दंडावर होता ना, तो एकदम गार पडला. म्हणून तर मी पुन्हा नाही विचारलं. मला पण 'झोपलंय' हेच ऐकायचं होतं."

मी तिला पदरानं वारा घालत बसले.  मग तिनं एकदम माझा हात ओढून आपल्या कुशीवर ठेवला. आधी काही नाही. आणि मग आतून एक ढुशी. लहानशी, रागावल्यासारखी.

त्यानंतर

दुसऱ्या दिवशी सकाळी सोडलं. मंगलाबाई मुगाची पातळ खिचडी घेऊन आल्या होत्या. डबा उघडता उघडता म्हणाल्या, "घर तं तुमी पाह्यलंच नाही वं बाई. मोरी कुठी आहे तेबी माहीत नसन."

खरंच माहीत नव्हतं. त्या चोवीस तासांत आम्ही पहिल्यांदा हसलो.

घरावरून मात्र घरात वाद झाला. निखिल आता पश्चिमेच्या बाजूला गेला होता. घाबरला होता तो. मीही त्याच्याच बाजूची. मोठं इस्पितळ जवळ हवं, हे माझं पालुपद. मुक्ता दोन दिवस ऐकून घेत राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "डॉक्टर अर्ध्या तासावर आहेत, मेट्रोनं. मी दिवसभर घरात एकटी असताना माणूस किती लांब आहे, ते कुणी बघितलं का?" माझ्याकडे उत्तर होतं. ट्रकांची धूळ, चक्कीचा आवाज, तो जिना. पण तिनं विचारलं होतं ते मीच त्या बंद दुपारी गॅलरीत उभी राहून मोजलं होतं, आणि ते मी तिला सांगितलं. तडजोड अशी झाली की बाळंतपण पश्चिमेच्या डॉक्टरीणबाईंकडे आणि घर पारडीत. जिना आम्ही दिवसातून एकदाच चढू दिला तिला.

जुलैत मुलगी झाली, दिवस भरून, अडीच किलोची. मी ऑगस्टच्या अखेरीस परतले. त्या तीन महिन्यांत मला चक्कीच्या आवाजानं डोकेदुखी दिली, शेजारणींच्या प्रश्नांनी वीट आणला, आणि तरी दुपारी मला झोप लागायची. पूर्वेकडचे लोक देवमाणसं आणि पश्चिमेकडचे दगड, असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी फोन उचलला तो पश्चिमेनंच. पण मला विचाराल तर मी एवढंच सांगीन की एकीकडे मला शांततेची भीती वाटली, दुसरीकडे गलक्याची, आणि दोन्हीकडे खरी भीती मी गुहागरहून बरोबर नेलेली होती.

घरी पोचल्यावर चौथ्याच दिवशी सकाळी मुक्ताचा फोन आला. हे पडवीत सुपारी सोलत होते.

"आई, रात्रीपासून ती दूध कमी घेतेय. तुम्हाला काय वाटतं?"

'अगं, घेईल, भूक लागली की घेईल.' वाक्य तयार होतं, अगदी ओठांवर. ते मी गिळलं.

"मला इथून कळत नाही," मी म्हटलं. "आणि मला भीती वाटतेय. तू आत्ता डॉक्टरकडे जा. मंगलाबाईंना घेऊन जा."

"मले पण वाटून राहिली," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

सव्वा तासानं पुन्हा वाजला. तोवर मी पडवीच्या पायरीवरच बसून होते. मुलीचं नाक चोंदलं होतं, बाकी काही नव्हतं.